सोळा मिनिटे, सोळाशे मीटर

मुंबई, १४ एप्रिल १९४४

दुपारी १२.३०. स्फोटाला ३ तास ३६ मिनिटे.
व्हिक्टोरिया गोदीत जेवणाची सुट्टी झाली आहे. एक नंबरच्या धक्क्याला ‘फोर्ट स्टिकिन’ हे ७,१४२ टनांचे जहाज उभे आहे. शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना त्याच्या दोन नंबरच्या होल्डमधून, म्हणजे मालाच्या कप्प्यातून, धुराची बारीक रेघ वर येताना दिसते. कुणीच बोंब मारत नाही. ज्यांचे जहाज आहे त्यांना ठाऊक असेलच, असे वाटले असावे.

ठाऊक नव्हते. आणि जहाजाच्या पोटात काय आहे, हे तर गोदीतल्या फारच थोड्यांना ठाऊक होते. इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून ते सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा घेऊन निघाले. कराचीत त्यावर कापसाच्या ८,७०० गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, मासळीचे खत असा माल चढला. कप्तान अलेक्झांडर नाइस्मिथ यांनी या भरतीला हरकत घेतली होती. पण युद्ध चालू होते आणि जहाजातली जागा रिकामी ठेवणे कुणालाच परवडत नव्हते. दोन नंबरच्या होल्डमध्ये तळाला कापूस होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर अतिसंवेदनशील स्फोटके. जहाज १२ तारखेला धक्क्याला लागले. दोन दिवस उलटले तरी बहुतेक स्फोटके आतच होती. धोक्याची खूण असलेला लाल बावटाही डोलकाठीवर नव्हता.

सुमारे १.४५. उरले २ तास २१ मिनिटे.
सुट्टीनंतर होल्डमध्ये उतरलेल्या कामगारांना धूर दिसतो. ते वर धावत येतात. खलाशी आणि धक्क्यावरच्या बंबाचे जवान लगेच होजपाईप सोडतात. दाबून बांधलेल्या गासडीची आग फसवी असते. वरून पाणी मारले की पृष्ठभाग भिजतो, आत मात्र ती धुमसत राहते.

२.१६. उरले १ तास ५० मिनिटे.
जहाजावर स्फोटके आहेत हे कळताच बंबाच्या तुकडीचा प्रमुख जास्तीची कुमक मागवायला फोनकडे पळतो. त्या फोनला डायलच नाही. तो आगीच्या सूचनापेटीची काच फोडतो. पेटीतून निरोप जातो तो एवढाच: आग लागली आहे. कसली, कशाजवळ, किती मोठी, हे पेटी सांगू शकत नाही. नेहमीच्या आगीला निघतात तसे दोन बंब निघतात. या साऱ्या दुपारीत मला सर्वाधिक छळते ती ही गोष्ट. त्याच्यापाशी नेमकी माहिती होती, धावायची तयारी होती, पण ती माहिती पुढे पोहोचवायला साधन नव्हते.

२.३० ते ३.३०.
आणखी बंब येतात. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः हजर होतात. होल्डमध्ये शेकडो टन पाणी ओतले जाते. पाणी चढते तसा पेटता कापूस त्यावर तरंगत वर सरकतो, म्हणजे वरच्या स्फोटकांच्या दिशेने. जहाजाच्या एका बाजूचा रंग फोड येऊन सोलवटतो, तेव्हा आग नेमकी कुठे आहे ते कळते. तिथे पत्रा कापून आत पाणी मारावे म्हणून गॅसकटर आणतात, तर तो चालत नाही.

धक्क्यावर खल सुरू आहे. दारूगोळा खात्याचे अधिकारी कॅप्टन ओबर्स्ट म्हणतात, जहाज इथेच बुडवा. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर म्हणतात, खोल समुद्रात न्या. बुडवायला गोदीत पुरेशी खोली नाही आणि न्यायचे तर वेळ हवा. दोन्ही सल्ले मनापासूनचे होते. पण एकाने निर्णय घ्यावा आणि बाकीच्यांनी तो मानावा, अशी व्यवस्थाच नव्हती. निर्णय होईना, म्हणून पाणी मारणे चालू राहिले. जवान डेकवर उभे राहिले. त्यांच्या बुटांखालचा पत्रा तापत होता.

३.५०. उरली १६ मिनिटे.
होल्डमधून ज्वाळांचा लोट उसळून डोलकाठीच्याही वर जातो. आता आग स्फोटकांपर्यंत पोहोचली, यात शंका उरत नाही. जहाज सोडण्याचा हुकूम होतो. माणसे जहाजावरून उतरतात. गोदीतून मात्र बाहेर पडत नाहीत.

आज स्फोटकांच्या आगीबाबत अनेक देशांतल्या अग्निशमन दलांना वेगळे शिकवतात. आग अजून मालापासून दूर असेल तर लढा. मालाला भिडली की नळी टाका, मागे फिरा, चहूबाजूंनी सोळाशे मीटर मोकळे करा. धडधाकट माणूस सोळा मिनिटांत तेवढे अंतर पळून जातो. त्या दिवशी तेवढी मिनिटे होती. फक्त तसा हुकूम कुणी दिला नाही. जवानांच्या धैर्याला मी मनापासून हात जोडतो. पण त्यांच्या धैर्यावर त्या हुकुमाची उणीव झाकण्याचे ओझे टाकायला नको होते.

४.०६.
जहाज फुटते. सुमारे चौदाशे किलोमीटरवरच्या सिमल्यात भूकंपमापक यंत्र हलते. शेजारचे ‘जलपद्म’ हे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर फेकले जाते. पेटत्या गासड्या गोदीलगतच्या मांडवी वस्तीतल्या घरांवर पडतात.

४.३४.
उरलेल्या भागातली स्फोटके फुटतात.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. कप्तान नाइस्मिथही गेले. गोदीतल्या आणि वस्तीतल्या मृतांचा आकडा आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगतात. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो या जवानांच्या स्मरणार्थ.

त्यानंतर तीन वर्षे दोन दिवस.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकँप’ जहाजाच्या होल्डमध्ये अमोनियम नायट्रेटच्या पोत्यांना आग लागली. गावचे स्वयंसेवक बंबवाले होजपाईप घेऊन जहाजापाशी पोहोचले. सकाळी ९.१२ ला स्फोट झाला, तेव्हा तिथे गेलेल्या बंबवाल्यांपैकी एकही परतला नाही.