मुखत्यारनाम्यापासून पैसेवारीपर्यंत

लोकशाही टिकायची तर नागरिक राजकीयदृष्ट्या सुजाण हवा, हे विधान आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण सुजाण म्हणजे कोण? वृत्तपत्र वाचणारा? पदवीधर? मंत्रिमंडळातील खात्यांची नावे पाठ असणारा? या प्रश्नाचा विचार करताना आमचे लक्ष वारंवार पुण्याच्या सार्वजनिक सभेकडे जाते. मतपेटी हा शब्दही या भूमीत रुळलेला नव्हता, त्या काळात या संस्थेने नागरिक घडविण्याचे दोन वेगवेगळे मार्ग चोखाळून पाहिले. त्या दोहोंतील अंतर आम्हांस फार बोलके वाटते.

सभेचा उगम एका स्थानिक तक्रारीत आहे. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष होता आणि त्याची दाद मागण्यासाठी नागरिक एकत्र आले. त्यातूनच २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेची स्थापना झाली. तिचे प्राण होते गणेश वासुदेव जोशी, म्हणजे ‘सार्वजनिक काका’. १८७७ च्या दिल्ली दरबारात खादीचा पोशाख करून गेलेले हेच ते गृहस्थ. काका पेशाने वकील, आणि त्यांची वकिली दृष्टी सभेच्या घटनेत उतरलेली दिसते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणला पाहिजे, असा नियम होता. आरंभीच्या ९५ सभासदांच्या मागे अशा सुमारे ६००० लोकांचे अधिकारपत्र होते. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या सरकारी प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधीच कागदावर तयार ठेवले होते. जमीनजुमल्याच्या व्यवहारातला दस्तऐवज राजकारणात आणण्याची ही कल्पना आम्हांस आजही थक्क करते.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले आणि सभेच्या कामास अभ्यासाची बैठक लाभली. सरकारी नोकर असल्याने ते पडद्याआड राहिले, परंतु अर्ज, निवेदने आणि आकडेवारी यांवर त्यांचा हात फिरलेला असे. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचा धान्याचा हिस्सा दिवसाला एक पौंडापर्यंत खाली आणला. तेव्हा सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. शेतसारा, कर्जबाजारीपणा, जंगल कायदे, विकेंद्रीकरण या विषयांवरील त्यातले लेख आजही संशोधकांना पुरतात. गोपाळ कृष्ण गोखल्यांची उमेदवारी याच त्रैमासिकाच्या संपादनात झाली. १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर त्यांनी जे गाजलेले भाषण केले, त्याची मुळे येथे आहेत.

पण हे त्रैमासिक इंग्रजीत होते. त्याचा वाचक कलेक्टर, सेक्रेटरी किंवा फार तर विलायतेतला पार्लमेंटचा सभासद. ज्या रयतेविषयी त्यात लिहिले जाई, तिला ते वाचता येणे शक्य नव्हते आणि तशी अपेक्षाही नव्हती. रयत येथे अभ्यासाचा विषय होती. जोतीराव फुल्यांनी नेमके याच जागी बोट ठेवले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. शूद्रातिशूद्रांना वगळून ‘सार्वजनिक’ म्हणवून घेणाऱ्या सभांविषयीची त्यांची नाराजी तिखट होती, आणि आमच्या मते रास्तही होती. मुखत्यारनाम्यावर सही करावयाची तर आधी अक्षरओळख हवी, ही साधी गोष्ट त्या घटनेत विचारात घेतलेली दिसत नाही.

दुसरा मार्ग १८९६ च्या दुष्काळात दिसला. त्याच्या आदल्या वर्षी सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती गेली होती आणि रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये ‘डेक्कन सभा’ स्थापन केली. त्या भांडणाचा तपशील येथे उगाळण्याचे कारण नाही. महत्त्वाचे आहे ते पुढचे. पूर्वीच्या दुष्काळांच्या अनुभवातून सरकारने ‘फॅमिन कोड’ तयार केलेले होते. पीक बुडाल्यास साऱ्याची सूट वा तहकुबी कधी द्यावी, दुष्काळी कामे कशी काढावीत, हे त्यात लिहिलेले होते. टिळकांच्या सभेने या संहितेतला मजकूर मराठीत आणून पत्रके वाटली आणि आपली माणसे गावोगाव धाडली. सभेची माणसे नवीन हक्क मागत नव्हती. सरकारनेच छापलेला नियम ती शेतकऱ्याला वाचून दाखवीत होती. कायद्याने सवलत असताना भीतीपोटी गुरेढोरे विकून सारा भरू नका, असे ‘केसरी’ सांगत होता.

सरकारची प्रतिक्रिया पाहण्यासारखी आहे. शेकडो पानांचे इंग्रजी त्रैमासिक सतरा-अठरा वर्षे चालले, त्याने अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण ते खपवून घेतले गेले. मराठी पत्रके मात्र सोसवली नाहीत. प्रचारकांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये, सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा सभेचा अधिकार आपण मानीत नाही, असे सरकारने जाहीर केले. माहिती विद्वानाकडे असली तर ती टीका ठरते, आणि ज्याच्यावर अंमल चालवायचा त्याच्याकडे गेली की ती चिथावणी ठरते. राज्यकर्त्यांची ही समजूत काही त्या साम्राज्याबरोबर मावळली नाही.

त्या पत्रकांचा श्रोता बहुतांशी निरक्षर होता, हे विसरू नये. कोणीतरी वाचून दाखवी, पाराजवळ चर्चा होई, आणि मग शेतकरी मामलेदाराला प्रश्न विचारी. १९२९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई प्रांताच्या राज्यघटनेविषयी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. त्यात त्यांनी प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार करताना साक्षरतेची अट फेटाळली. निरक्षर म्हणजे बुद्धिहीन आणि साक्षर म्हणजे अधिक समंजस, हे दोन्ही समज त्यांनी चुकीचे ठरविले. आधी शिका, मग मत द्या, असे म्हणणाऱ्यांना त्यांचे उत्तर असे की मताधिकार हेच शिक्षणाचे एक साधन आहे. १९५१-५२ मध्ये १७ कोटींहून अधिक मतदारांची यादी झाली. त्यांतले बहुसंख्य निरक्षर होते आणि त्यांच्यासाठी पेट्यांवर चिन्हे छापली होती.

आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथील निम्म्याहून अधिक मुले शेतकरी कुटुंबांतली आहेत. ‘पैसेवारी’ हा शब्द त्यांना घरातूनच ठाऊक असतो. जुन्या आणेवारीचे हे नवे नाव. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली की टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होतो, हेही काही जण सांगतात. परंतु ती ठरविणारी समिती गावातच बसते, तिने काढलेला आकडा अंतिम होण्यापूर्वी प्रसिद्ध केला जातो आणि त्यावर हरकत घेता येते, हे विचारले तर वर्ग शांत होतो. यंदा एका विद्यार्थ्याने घरी जाऊन वडिलांना विचारले. त्यांनाही माहीत नव्हते. तलाठ्याला विचारल्यावर तो म्हणाला, नोटीस लावली होती, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. तुम्ही पाहिली नाही.