तालीम, मैदान आणि विकत घेतलेली मुलं

मराठीत ‘तालीम’ म्हटलं की लाल माती आणि लंगोट आठवतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मूळ अरबी शब्दाचा अर्थही तोच. ‘वस्ताद’ आणि ‘मैदान’ हे शब्द आपल्याकडे फारसीतून आले. तेराव्या शतकातल्या कैरोमध्ये हे तिन्ही शब्द रोजच्या वापरात होते, आणि तिथेही त्यांचा संबंध घामाशीच होता.

आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी ऐन जालूतच्या लढाईचा एखादा व्हिडिओ फिरतो. 3 सप्टेंबर 1260 रोजी पॅलेस्टाईनमधल्या ऐन जालूत इथे इजिप्तच्या मामलुक फौजेने मंगोलांचा पराभव केला. पार्श्वसंगीत जोरदार असतं, तलवारी चमकतात, खाली ‘आपले पूर्वज’ असं लिहिलेलं असतं. हे लढणारे लोक घडले कसे, याबद्दल मात्र त्यात एक अक्षर नसतं. मला रस आहे तो त्यात.

‘मामलुक’ या शब्दाचा अर्थ मालकीचा, म्हणजे गुलाम. काळ्या समुद्राच्या उत्तरेला गवताळ प्रदेशात राहणाऱ्या किपचाक तुर्कांची मुलं व्यापारी विकत घेत आणि इजिप्तमध्ये आणून विकत. उपासमारीच्या वर्षांत आईबापच मुलं विकत, अशी नोंद अल-उमरी या इतिहासकाराने केली आहे. अय्यूबी सुलतान अल-सालिहने अशी शेकडो मुलं घेऊन नाईल नदीतल्या रौदा बेटावर त्यांच्या बराकी बांधल्या. नदीला तिथे ‘बहर’ म्हणत, म्हणून या पलटणीचं नाव बहरिय्या. 1250 मध्ये मन्सूरा शहरात घुसलेल्या फ्रेंच राजाच्या क्रूसेडर सरदारांना कापून काढलं ते याच पलटणीने. पुढे तिच्यातलेच लोक सुलतान झाले. बैबर्स त्यांतलाच. कलावूनला तर ‘अल-अल्फी’ म्हणजे ‘हजारवाला’ हे नाव पडलं, कारण त्याला हजार दिनारांना घेतलं होतं. तख्तावर बसल्यावरही खरेदीची किंमत नावाला चिकटलेली राहिली.

सुलतानांच्या मुलांच्या बराकी नंतर कैरोच्या किल्ल्यात गेल्या. अल-मकरीझीने त्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. मूल आलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात तलवार देत नसत. एक फकीह रोज बराकीत येई आणि कुराण, अरबी अक्षरं, नमाज, शिस्त शिकवी. मुलांवर खोजांची करडी नजर असे, रात्री बाहेर राहायला बंदी. मूल वयात आलं की मग शस्त्रं. त्या सगळ्या विद्येला ‘फुरूसिय्या’ म्हणत. फरस म्हणजे घोडा, त्यावरून आलेला शब्द. पण त्यात घोडेस्वारीबरोबर भाला, तिरंदाजी आणि तलवारही येत असे.

घोड्यावर बसण्याचा सराव खऱ्या घोड्यावर सुरूच होत नसे. आधी लाकडाचा किंवा मातीचा घोडा. त्यावर उडी मारून बसायचं, उतरायचं, पुन्हा बसायचं. मग जिवंत घोडा, तोही खोगिराशिवाय. धनुष्याचंही तसंच. पहिलं धनुष्य अगदी मऊ, निशाण अगदी जवळ. हातात ताकद येईल तसं क्रमाक्रमाने कडक धनुष्य मिळे. तलवारीसाठी ओल्या मातीचा ढिगारा. पहिल्यांदा 25 वार, मग 50, मग 100, असं वाढवत दिवसाला 1000 वारांपर्यंत. आपल्या तालमीत जोर-बैठका अशाच वाढवत नेतात, त्यामुळे हा हिशोब कोल्हापूरच्या पोरांना समजावून सांगावा लागणार नाही.

भाल्याचा एक खेळ होता. लाकडाचे तुकडे एकावर एक रचायचे, सगळ्यात वर एक कडी. घोडा भरधाव सोडून भाल्याच्या टोकाने कडी उचलायची आणि रास पडू द्यायची नाही. दुसरा खेळ कबक. उंच खांबावर भोपळा टांगलेला, कधी त्यात कबुतर ठेवलेलं. खांबाजवळून घोडा दौडवत वर बाण मारायचा. बैबर्सने 1267 मध्ये कैरोबाहेर यासाठी मैदानच बांधलं. तो स्वतः दुपारपासून संध्याकाळपर्यंत तिथे असे. सुलतान उन्हात उभा असताना सावली कोण शोधणार!

यावर ग्रंथही लिहिले गेले. भाल्याचा जाणकार नज्मुद्दीन अल-रम्माहचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. इब्न कय्यिम अल-जौझिय्यासारख्या आलिमानेही फुरूसिय्यावर पुस्तक लिहिलं. मदरसा आणि आखाडा यांत आज जे अंतर दिसतं, ते तेव्हा इतकं नव्हतं.

तालीम पुरी झाली की मुलाला गुलामीतून मुक्त करत. घोडा आणि शस्त्रं देत. त्यांतले निवडक सुलतानाच्या खास पथकात, खासकिय्यामध्ये जात. विकत घेऊन, शिकवून, मुक्त करणाऱ्या मालकाला तो आयुष्यभर ‘उस्ताद’ म्हणे. मालकाला आणि गुरूला एकच शब्द, हे मला पचवायला अजून जड जातं. मुलाला त्याच्या आईपासून तोडणाराच त्याचा बाप होऊन बसत असे.

आता ‘आपले पूर्वज’ या दाव्याकडे येतो. शरीयतप्रमाणे जन्माने मुसलमान असलेल्याला गुलाम करता येत नाही. म्हणून मुलं बाहेरून आणायची, त्यांना मुसलमान करायचं. पण या मामलुकांना झालेली मुलं जन्मतः स्वतंत्र आणि मुसलमान, म्हणजे ती मामलुक होऊच शकत नव्हती. त्यांना ‘औलाद अन-नास’ म्हणत, मोठ्या लोकांची लेकरं. त्यांच्या वाट्याला कमी दर्जाची ‘हल्का’ फौज येई. सुलतानांचे मुलगे काही वेळा तख्तावर बसले, तो अपवाद. पलटणीतली जागा मात्र बापाकडून मुलाकडे जात नव्हती. आपल्याकडे सय्यद-शेख-पठाण असा खानदानाचा तोरा मिरवणाऱ्यांनी हे वाचावं. ज्या फौजेचा अभिमान ते सांगतात, तिथे योद्ध्याचा मुलगा असणं हीच अपात्रता होती. रक्ताने तिथे कुणी काही झालं नाही. जो झाला तो मातीवर हजार वार करून झाला, आणि त्याला ती माती निवडण्याचा हक्कही नव्हता.

ही घडी विस्कटली ती घाईमुळे. 1348 च्या प्लेगने बराकी रिकाम्या केल्या. जागा भरायच्या म्हणून वयाने मोठी, तयार माणसं आणली जाऊ लागली. सुलतान बर्कूकने मामलुकांना शहरात राहायची आणि लग्न करायची मुभा दिली. मकरीझी यावर इतका चिडून लिहितो की वाचताना हसू येतं. पण त्याचं दुखणं खरं होतं. वर्षांची तालीम महिन्यांवर आली होती.

शेवटचा मोठा सुलतान कानसूह अल-घौरी याने हे ओळखलं. जुने भाल्याचे खेळ त्याने पुन्हा सुरू केले, नवं मैदान केलं. पोर्तुगीज हिंदी महासागरात आले तेव्हा त्याने आरमार पाठवलं. 1508 मध्ये आपल्या चौलजवळ, आजच्या रायगड जिल्ह्यात, त्या आरमाराने गुजरातच्या मलिक अयाझच्या मदतीने पोर्तुगीजांना हरवलं. पुढच्याच वर्षी दीवला ते बुडालं. अलिबागला जाणाऱ्या पर्यटकांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं?

बंदुकीचं महत्त्व घौरीला कळलं होतं. पण घोड्यावर बसून बंदूक चालवता येत नाही, आणि घोड्यावरून उतरणं मामलुकांना मंजूर नव्हतं. मग त्याने बंदुकवाल्यांची वेगळी पलटण काढली. भरती कुणाची? औलाद अन-नास आणि इतर बाहेरचे. पगार कमी, मान त्याहून कमी. मामलुकांची कुरबूर थांबेना, आणि 1514 मध्ये ती पलटण मोडली.

दोन वर्षांनी, 24 ऑगस्ट 1516 रोजी, सीरियातल्या मर्ज दाबिकच्या मैदानात मामलुक भाले आणि धनुष्यं घेऊन उस्मानी तोफांवर चालून गेले. सुरुवातीला त्यांनी उस्मानींची फळी मागे रेटलीही. तालीम अगदीच वाया गेली नव्हती. मग तोफा, बंदुका आणि फितुरी यांनी निकाल लावला. घौरी तिथेच मेला, त्याचा मृतदेह सापडला नाही. समोर बंदुका घेऊन उभे असलेले जानिसारी हेही लहानपणी ख्रिस्ती घरांतून उचलून आणलेले, मुसलमान केलेले आणि बराकीत वाढवलेले होते.