तासाची नोट: नेमकं मोजलं काय?

वेळ हेच चलन, ही कल्पना आजकालची नाही. १८३२ च्या सप्टेंबरपासून लंडनच्या ग्रेज इन रोडवर तासांच्या नोटा चालत होत्या. रॉबर्ट ओवेन यांचं हे श्रम-विनिमय केंद्र. वस्तूची किंमत तिच्यातल्या श्रमावर ठरली, तर पिळवणूक थांबेल आणि वर्गावर्गांतलं वैरही मिटेल, असा त्यांचा विश्वास.

तुम्ही संशोधनाची तयारी करताय ना? मग आधी विचारा, हा तास मोजला कसा? शिंप्याने कोट आणला की मूल्यमापक कच्च्या मालाचा बाजारभाव धरायचे, त्यात मजुरी मिळवायचे आणि तासाला सहा पेन्स या दराने त्या रकमेचे तास करायचे. म्हणजे नोटेवर लिहिलेला तास, पण आत बसलेले सहा पेन्सच! बाजारापेक्षा स्वस्त ठरलेला माल लोक पटापट उचलायचे, महाग ठरलेला पडून राहायचा. १८३४ मध्ये केंद्र बंद पडलं.

गंमत म्हणजे याहून नेमका प्रयोग पाच वर्षं आधीच होऊन गेला होता, अमेरिकेत. जोसाया वॉरन हे ओवेन यांच्याच इंडियानातल्या न्यू हार्मनी वसाहतीत राहिलेले. सगळं सामायिक केलं की भांडणं वाढतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. १८२७ च्या मे महिन्यात त्यांनी सिनसिनाटीत 'टाइम स्टोअर' उघडलं. माल खरेदीच्या भावात, वर दुकानखर्चापुरते थोडे टक्के. ते पैसे रोख. दुकानदाराचा वेळ मात्र वेगळा. भिंतीवरच्या घड्याळावर तो मोजायचा आणि गिऱ्हाइकाने तेवढ्याच वेळाच्या आपल्या कामाची नोट लिहून द्यायची. घासाघीस केली तर घड्याळ चालूच! त्यामुळे घासाघीस परवडेनाशी झाली.

मला वॉरन जास्त पटतात ते यासाठी. जे खरंच मोजता येत होतं, तेवढंच त्यांनी मोजलं. अर्थात, सगळे तास सारखे का, हा प्रश्न त्यांनाही सुटला नाही. पुढच्या नोटांवर तासाला जोडून मक्याचं वजनही छापलं जाऊ लागलं, आणि सर्वांत नकोशा कामाला सर्वांत जास्त मोबदला, हे तत्त्वही. आपल्या भाषेत, एककाला बाहेरून कॅलिब्रेशन लागलं.

दुकान चाललं नाही म्हणून नव्हे, तर प्रयोग सिद्ध झाला असं मानून वॉरन यांनी १८३० मध्ये ते बंद केलं. १८५१ मध्ये लाँग आयलंडवर त्यांनी 'मॉडर्न टाइम्स' हे गाव वसवलं. तिथे ना कोर्ट, ना पोलीस, ना तुरुंग. यादवी युद्ध पेटलेलं असताना, १८६३ मध्ये, त्यांनी 'ट्रू सिव्हिलायझेशन' लिहिलं आणि न्याय्य विनिमय हाच उपाय असं ठासून मांडलं.

पण ते गाव पुरावा म्हणून वापरायचं तर अडचण येते. तिथे राहायला आलेली माणसं मुळातच या विचाराची होती. शांतता नोटांमुळे टिकली की माणसांमुळे, हे वेगळं काढायला शेजारी दुसरं 'कंट्रोल' गाव नव्हतं.