पंगत आणि सेवा

मंडळाच्या एका बैठकीत आपल्यातील एका भगिनीने विचारले, "शहरातले ते क्लबवाले आठवड्यातून एकदा एकत्र जेवतात आणि त्याला सेवा म्हणतात. पोटभर जेवण्यात कसली हो सेवा?" सगळ्या हसल्या. मीही हसले. परंतु प्रश्न काही मनातून जाईना.

जेवणातून सेवा कशी घडते, हे नातेपुतेकरांना शिकवायला नको. आषाढी एकादशीच्या आधी काही दिवस ज्ञानोबामाउलींची पालखी धर्मपुरीवरून आपल्या गावी मुक्कामाला येते. त्या दिवशी घराघरातून भाकरी, पिठले, आमटी बाहेर पडते. कोणाच्या पानात काय पडले हे कोणी मोजत नाही. दुसऱ्या दिवशी पालखी माळशिरसच्या वाटेला लागते आणि गावाला कसे सुने सुने वाटते. हे झाले अन्नदान. ते भुकेल्यासाठी असते. क्लबात जेवणारा मात्र भुकेला नसतो. तो चांगला खाऊनपिऊन सुखी असतो. मग तेथे सेवा कोठून येते? हे समजून घ्यावे म्हणून मी काही वाचन केले. त्यात जे सापडले ते भगिनींपुढे ठेवते.

अशा क्लबांत रोटरीचे नाव सर्वांत जुने. अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाचे एक वकील होते. लहान गावातून ते त्या अफाट शहरात आले होते. माणसे हजारो, परंतु आपले म्हणावे असे कोणी नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी ते तीन ओळखीच्या माणसांबरोबर एका कचेरीत बसले. त्यांपैकी एक कोळशाचा व्यापारी, दुसरा खाणींचा इंजिनीअर आणि तिसरा शिंपी होता. पुढची बैठक दुसऱ्याकडे, त्याच्या पुढची तिसऱ्याकडे, अशी पाळीपाळीने ठिकाणे फिरत, म्हणून 'रोटरी' हे नाव पडले. आपल्याकडे भिशी या घरून त्या घरी फिरते, तसाच तो प्रकार. पुढे माणसे वाढली, घरी किंवा कचेरीत मावेनात, तेव्हा हॉटेलातील आठवड्याच्या जेवणाची प्रथा पडली.

सुरुवातीला हेतू एवढाच होता की आपसात स्नेह वाढावा आणि धंद्यालाही थोडी मदत व्हावी. परंतु दर आठवड्याला माणसे समोरासमोर बसली की गोष्टी निघतातच. शहरात काय उणे आहे, कोणाचे काय अडले आहे, हे जेवताजेवता कळते. १९०७ च्या सुमारास या मंडळींनी शहराच्या मध्यभागी सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून खटपट आरंभली. रोटरीच्या सेवेचा तो आरंभ मानतात. भगिनींनो, एवढ्या मोठ्या संस्थेचे पहिले काम संडासाचे होते, हे वाचून मला फार बरे वाटले. बाजाराच्या दिवशी बायकांची किती कुचंबणा होते हे आपल्याला ठाऊक आहे. ते काम हलके कोण म्हणेल?

हिंदुस्थानात ही चळवळ कलकत्त्याच्या वाटेने आली. मुंबईचा रोटरी क्लब १९२९ साली स्थापन झाला. १९६२ साली कलकत्त्याचे नितीश लाहिरी हे साऱ्या जगाच्या रोटरीचे अध्यक्ष झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९८५ साली रोटरीने पोलिओ हटवण्याचा संकल्प सोडला आणि आरंभी १२ कोटी डॉलर जमवण्याचे ठरवले. पुढे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि निरनिराळी सरकारे त्यात उतरली. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. आपल्यातील कितीतरी जणी तेव्हा लेकरू कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि कितीतरी जणींनी स्वतःच्या हाताने ते दोन थेंब पाजले. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. चार माणसांच्या बैठकीची वेल केवढी पसरली, हे यावरून ध्यानात येईल.

परंतु या पंगतीत एक मोठी उणीव होती. तेथे बायकांना पान नव्हते. रोटरीचा सभासद पुरुषच असला पाहिजे, असा नियमच होता. बायकोने वर्गणीसाठी फिरावे, जत्रा भरवावी, कपडे शिवावेत; टेबलाशी मात्र बसू नये! तेव्हा १९२४ च्या जानेवारीत इंग्लंडातील मँचेस्टर शहरी मार्गारेट गोल्डिंग या बाईंनी रोटरी सभासदांच्या बायकांचे वेगळे मंडळ काढले. त्याचे नाव 'इनर व्हील', म्हणजे आतले चाक. रुग्णसेविका म्हणून शिकलेल्या आणि स्वतःचा धंदा करणाऱ्या त्या बाई होत्या. आज आपल्या देशातही इनर व्हीलची पुष्कळ मंडळे आहेत. पुढे कॅलिफोर्नियातील एका लहान क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तर मूळ संस्थेने त्या क्लबालाच काढून टाकले. वाद कोर्टात गेला. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल क्लबाच्या बाजूने दिला आणि १९८९ साली जगभरचा नियम बदलला. एका पानासाठी चौऱ्याऐंशी वर्षे लागली!

यावर परदेशाला हसण्याचे आपल्याला कारण नाही. १८९० साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये एक सभा झाली. आलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पुढे ती नावे वर्तमानपत्रात छापून आली, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ साली न्यायमूर्तींनी प्रायश्चित्त घेतले. एका पेला चहाचे केवढे हे मोल! आपल्या पतीच्या त्या प्रायश्चित्ताने मनाला किती यातना झाल्या, ते रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. याच रमाबाईंनी पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, आणि कितीतरी स्त्रिया तेथे शिकून परिचारिका व शिक्षिका झाल्या.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्याचे उदाहरण तर याहून जवळचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या. एकदा घरात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले, आणि मुले जेवली. १९३० साली त्या गेल्या. पैसा नसेल तर सेवा कशी करावी, असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या माउलीची आठवण करावी.

या साऱ्या वाचनातून मला एकच गोष्ट उमगली. जेवण ही सेवा नव्हे, पण सेवेचा विचार पंगतीत ठरतो. आणि जो पंगतीला नसतो, त्याचे म्हणणे विचारात येत नाही. शिकागोत तेच, पुण्यात तेच, आणि आपल्या स्वयंपाकघरातही तेच. घरात पुरुष आणि मुले जेवून उठल्यावर बाई पानावर बसते, तोवर बोलायचे ते बोलून झालेले असते, ठरायचे ते ठरलेले असते.

आता एक कबुली देते. गेल्या वर्धापनदिनी आपण मोठ्या हौसेने भोजन केले. स्वयंपाकाला ज्या चौघी होत्या, त्या सर्वांत शेवटी जेवल्या. भाजी संपली होती. त्यांनी वरणभातावर भागवले. वाढायला मी होते, तरी मला त्याचे काही वाटले नाही. जेवणानंतर पुढच्या वर्षाच्या कामांची चर्चा झाली, तेव्हा त्या चौघी भांडी आवरत होत्या. त्यांतल्या एकीच्या मुलीची शाळा सुटली होती, हे आपल्याला चार महिन्यांनी कळले. ती आपल्या पंगतीत बसली असती, तर त्याच दिवशी कळले असते.

म्हणून मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. आपल्याला हॉटेलातले जेवण नको. महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, प्रत्येकीने आपली भाकरी बांधून आणावी. वाढायचे कोणी नाही, उष्टे काढायचे कोणी नाही; सगळ्या एकदम बसायच्या, सगळ्या एकदम उठायच्या. खाताना एकीने तरी आपल्या आळीतले एक अडलेले काम सांगावे, आणि पुढच्या महिन्यात त्याचे काय झाले ते विचारावे.

आणि यंदाच्या वर्धापनदिनी स्वयंपाक ज्या करतील, त्यांची पाने पहिल्या पंगतीत मांडावी. वाढायला मी उभी राहीन.