कोयनेची आधीची नोंद

वीज प्रकल्प उभा राहण्याआधी दोन गोष्टी मोजता येतात. तिथून किती वीज मिळेल ही एक, आणि तिथल्या जमिनीचे, पाण्याचे, जिवांचे काय होईल ही दुसरी. सातारा जिल्ह्यातल्या कोयना खोऱ्याचा आणि त्याच्या माथ्यावरच्या पठारांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर पहिली मोजणी नेहमी वेळेवर झाली आणि दुसरी दर वेळी मागे राहिली, असे दिसते. या डोंगररांगेत कोळसा जळत नाही. खाली कोयनेचे धरण, वर पवनचक्क्या, आणि आता उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे आराखडे, अशी धूर न सोडणाऱ्या विजेची तीन पर्वे इथे एकाच मुलखात घडली आहेत. म्हणूनच अशा विजेची तपासणी कशी आणि कधी व्हावी, या प्रश्नाला इथला अनुभव जितका उपयोगी पडतो तितका महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याही ठिकाणचा पडत नाही.

पूर्वेकडे वळणाऱ्या कोयनेला हेळवाकजवळ अडवायचे आणि तिचे पाणी सह्याद्री पोखरून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोकणात, पोफळीच्या वीजगृहात सोडायचे, ही कल्पना धाडसी होती आणि तिची जलवैज्ञानिक बाजू कसून अभ्यासलेली होती. पाऊस किती, नदीला पाणी किती, उंचीचा फायदा किती, याची गणिते पक्की होती. जमिनीबद्दल मात्र एक समजूत होती, आणि तीही तेव्हाच्या विज्ञानाला मान्य असलेली: दख्खनचा काळा कातळ स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही. १९६२ च्या भारतीय मानकात द्वीपकल्पाचा मोठा भाग शून्य क्रमांकाच्या भूकंपक्षेत्रात होता. तरीही कोयनेच्या अभियंत्यांनी गुरुत्वीय प्रवेगाच्या ०.०५ पट आडवा धक्का गृहीत धरून १०३ मीटर उंचीच्या धरणाचे आरेखन केले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ही सावधगिरीच होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. १९६२ च्या सुमारास धरणाचा जलाशय, शिवसागर, भरू लागला आणि थोड्याच काळात परिसरातल्या लोकांना जमिनीखालून गडगडाट ऐकू येऊ लागले, हादरे जाणवू लागले. मग पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ पर्यंत जलाशयाभोवती चार भूकंपमापन केंद्रे उभी केली. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचाहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरची दगडी घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. पावणेदोनशे ते दोनशे माणसे गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली.

त्या पहाटे धरणाच्या अंतर्भागात एक प्रवेगमापक यंत्र चालू होते, ही या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. त्याने धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ पट प्रवेग नोंदवला, म्हणजे आरेखनात धरलेल्या आकड्याच्या बारा पटींहून अधिक. धरण फुटले नाही, पण सांडव्याच्या दोन्ही अंगांच्या उंच भागांना, भिंतीचा उतार जिथे बदलतो त्या पातळीवर, आडव्या चिरा गेल्या. पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन भिंत मजबूत केली गेली. भूकंपमानकातून शून्य क्रमांकाचे क्षेत्रच काढून टाकले गेले आणि कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात आला. जगभरातल्या धरण अभियंत्यांनी ही नोंद अभ्यासली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाची पातळी किती वेगाने चढते, उच्च पातळी किती काळ टिकते आणि धक्के केव्हा बसतात यांचा संबंध दाखवला. हे सारे शक्य झाले ते यंत्रे आधीपासून बसवलेली होती म्हणून. आणि जे शक्य झाले नाही तेही तितकेच स्पष्ट आहे. धरणापूर्वी हे खोरे शांत होते की इथे बारीक धक्के बसतच होते, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. तो मिटवणारी नोंद नव्हती, कारण १९६२ पूर्वी सर्वांत जवळचे मापन केंद्र शंभराहून अधिक किलोमीटरवर पुण्याला होते आणि लहान धक्के त्याच्या आवाक्यात नव्हते.

यावर एक सबळ आक्षेप घेतला जातो. भूगर्भातला भ्रंश आणि त्यात साठलेला ताण धरणाने निर्माण केला नाही, पाण्याने फार तर निमित्त पुरवले, आज ना उद्या तो भूकंप झालाच असता. यातला पहिला भाग शास्त्रज्ञांनाही मान्य आहे. सहा-साडेसहा तीव्रतेची ऊर्जा शिवसागराचे पाणी कुठून आणणार? पण म्हणून आधीच्या नोंदीची गरज कमी होत नाही, उलट वाढते. जमीन ताणाखाली असेल तर ती पाणी भरण्यापूर्वी ओळखणे, भरण्याचा वेग ठरवणे आणि भोवतालची घरे कशी बांधावीत हे सांगणे, एवढे तरी माणसाच्या हातात होते. त्यानंतर अर्धशतकाने केंद्र सरकारने याच परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर खणले आणि कातळाच्या पोटातली परिस्थिती तपासण्याचे काम हाती घेतले. उत्तम काम आहे ते. ते कोणत्या क्रमाने झाले, हेच मला खटकते.

खोऱ्यातून पठारावर चढले की दुसरे पर्व दिसते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरच्या माथ्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने जलविद्युत आणि औष्णिक प्रकल्पांना पूर्वपरवानगी सक्तीची केली, पण तिच्या यादीत पवनऊर्जा नव्हती. वनजमीन लागणार असेल तर वनखात्याची मान्यता हवी, एवढेच. धूर नाही म्हणजे तपासण्यासारखे फार काही नाही, हे गृहीतक इथे कायद्यातच बसले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकर परिसरातल्या पवनचक्की प्रकल्पावर, तिथल्या रस्त्यांमुळे झालेल्या जंगलतोडीवर आणि धुपीवर बोट ठेवले. चाळकेवाडीच्या पठारावरची तपासणी झाली तीही कायद्याने नव्हे, संशोधकांच्या जिज्ञासेमुळे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी आणि त्यांचे हल्ले जवळजवळ चौपटीने कमी आढळले. भक्षक घटल्याने पंख्यासारखा गळा फुलवणाऱ्या सरड्यांची दाटी वाढली, त्यांच्यातला ताणाचा संप्रेरक उतरला, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनात, त्यांची अंगकाठी खालावली आणि नरांचे रंग फिके पडले. यंत्राने आकाशात केलेला बदल गवतातल्या प्राण्याच्या रक्तापर्यंत पोहोचला होता. पण याही अभ्यासाला पवनचक्क्या येण्यापूर्वीचे पठार तपासता आले नाही. त्याला शेजारच्या, चक्क्या नसलेल्या पठारी भागाशी तुलना करावी लागली.

कोळशाने होणारे नुकसान याहून कितीतरी मोठे आहे आणि हवामानबदल थांबून राहणार नाही, तेव्हा स्वच्छ विजेच्या वाटेत आणखी परवानग्यांचे कुंपण कशाला, असे विचारणारे लोक प्रामाणिक असतात. कोळशाबद्दल ते म्हणतात ते खरेच आहे, आणि पवनचक्क्या नकोत असा माझा आग्रहही नाही. वेळेबद्दलचा मुद्दा मात्र टिकत नाही. पवनचक्की उभारण्यापूर्वी कंपन्या मनोरा उभा करून त्या जागेचा वारा किमान वर्षभर मोजतात, कारण कर्ज देणाऱ्याला ती नोंद हवी असते. त्याच वर्षात, त्याच मनोऱ्याखाली पक्षी मोजता येतात, झरे आणि विहिरी नोंदवता येतात, सड्यावरची माती आणि झुडपे यांची यादी करता येते. नदीवरच्या प्रकल्पासाठी तर पाण्याच्या प्रवाहाची कित्येक वर्षांची आकडेवारी लागते. त्या काळात एखादा भूकंपमापक त्याच खोऱ्यात चालू ठेवला तर प्रकल्पाला एका दिवसाचाही उशीर होत नाही.

आता पाटण तालुक्यात तारळी, निवकणे इथे उदंचन प्रकल्प प्रस्तावित आहेत. विजेची मागणी कमी असताना पाणी पठारावरच्या तळ्यात चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे, अशी ही पद्धत. सूर्य आणि वारा यांची वीज साठवायला ती उपयोगी आहे. शिवसागराच्या मानाने अशी तळी लहान असतात, त्यामुळे १९६७ ची भीती दाखवून त्यांना विरोध करणे मला पटत नाही. पण इथे पातळी वर्षातून एकदा नव्हे, रोज वरखाली होणार, आणि तीही अजून हादरे बसणाऱ्या प्रदेशात. वरच्या तळ्यासाठी निवडलेल्या माथ्यांतूनच खालच्या वाड्यांचे झरे निघतात. कोणता झरा उन्हाळ्यात किती लिटर देतो, कोणत्या विहिरीचे पाणी मार्चमध्ये किती खोल जाते, बोगद्याच्या सुरुंगाआधी कोणत्या घराच्या भिंतीला आधीच तडा होता, हे पहिला सुरुंग लागण्यापूर्वी दोन पावसाळे मोजून लिहिले गेले पाहिजे, आणि त्याची एक प्रत कंपनीच्या कार्यालयाबरोबर ग्रामपंचायतीच्या दप्तरातही असली पाहिजे, म्हणजे पुढे झरा आटला तर तो आधीपासून किती वाहत होता हे सिद्ध करण्याचे ओझे वाडीतल्या माणसावर पडणार नाही.