ठरलेल्या कुस्तीचं तिकीट

‘पे पर व्ह्यू’ हे शब्द आमच्या गावात पोचले तेव्हा त्यांचा अर्थ आम्हाला लागूच नव्हता. अर्थ साधा आहे : बघायचं असेल तर त्या खेळापुरते पैसे मोजा. अमेरिकेत घरोघरी केबल होती, तिचं महिन्याचं भाडं होतं. पण मोठ्या कुस्तीच्या रात्री ते भाडं चालायचं नाही. त्या एका रात्रीचे पैसे वेगळे. ते भरले की केबलवाला तेवढ्या तीन तासांपुरतं चित्र सोडायचा. आपल्याकडं मैदानाच्या दारावर तिकीट फाडतात, तिकडं ते घरात बसून फाडायचं, इतकाच फरक.

तिकिटाची कुस्ती आम्हाला नवी नव्हती. मी कोल्हापूरकडचा. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं ते १९१२ साली. तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसानं एक वेळ चपलेला पैसा दिला नसेल, पण कुस्तीला दिलाय. माझ्या वडिलांची पिढी दारासिंग आणि किंगकाँगच्या गोष्टी सांगायची. हा किंगकाँग हंगेरीत जन्मलेला डोंगराएवढा मल्ल. त्या फ्रीस्टाईल कुस्त्या ठरवून होत्या का खऱ्या, यावर आमच्या पारावर भांडणं व्हायची. मीही पोरपणी तालमीत जोर-बैठका काढल्या, लाल माती अंगाला लावली. म्हणून पुढं टीव्हीवर अमेरिकेची कुस्ती बघायला लागलो ती पैलवानाच्या नजरेनं. आणि पैलवानाच्या नजरेला ती पहिल्या दिवशीच ठरवलेली दिसली. तरीही पंचवीस-तीस वर्षं बघितली. ती का बघितली, ते सांगायचं आहे.

आधी तिकडची हकिकत. अमेरिकेत कुस्ती भरवणारे धनी पुष्कळ होते आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली होती. एकानं दुसऱ्याच्या मुलखात मैदान भरवायचं नाही, असा अलिखित करार. न्यूयॉर्कच्या बाजूला एक मॅकमहॉन घराणं होतं. त्यातल्या मुलानं, व्हिन्स मॅकमहॉननं, १९८२ साली बापाकडून धंदा विकत घेतला आणि ही हद्द मोडली. टीव्हीच्या तारेवर बसून तो सगळ्यांच्या शिवारात शिरला. ३१ मार्च १९८५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं पहिली रेसलमेनिया भरवली. हल्क होगन आणि मिस्टर टी एका बाजूला, पायपर आणि ऑर्नडॉर्फ दुसऱ्या बाजूला, आणि पंचांत खुद्द मुहम्मद अली. घरोघरी पैसे भरून बघायची सोय तेव्हा फार ठिकाणी नव्हती, म्हणून बहुतेकांनी ती आपापल्या गावच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर, तिकीट काढून बघितली.

दोन वर्षांनी, २९ मार्च १९८७ ला, डेट्रॉइटजवळच्या पॉन्टियाक गावात तिसरी झाली. कंपनीनं गर्दीचा आकडा सांगितला ९३,१७३. त्यावर तिकडं अजून वाद आहे. आकडा फुगवणं हा मैदान भरवणाऱ्याचा धर्मच आहे, आमच्याकडं तर लाखाच्या खाली कोण बोलतच नाही. त्या दिवशी होगननं आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. आंद्रे सव्वासात फुटांवर उंच आणि सव्वादोनशे किलोच्या पुढं. त्याला असा आजार होता की हाडं वाढतच राहायची. पाठीचं ऑपरेशन झालेलं, कपड्याच्या आत पट्टा बांधलेला. आता बघा, एवढा देह मनात नसताना कोण उचलू शकतो? आंद्रेनं उचलू दिलं. आपली इतक्या वर्षांची कमाई त्यानं दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवली आणि मोडकी पाठ घेऊन जमिनीवर पडला. १९९३ च्या जानेवारीत तो गेला. ही कुस्ती मी पुष्कळ उशिरा बघितली, पण बघताना मला होगन दिसलाच नाही.

मॅकमहॉनचा दुसरा डाव आखाड्याबाहेरचा होता आणि तो आम्हा शेतकऱ्यांना लगेच कळेल. १९८७ च्या नोव्हेंबरात, त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, दुसऱ्या कंपनीची ‘स्टारकेड’ नावाची मोठी कुस्ती होती. मॅकमहॉननं त्याच दिवशी ‘सर्व्हायव्हर सिरीज’ ठेवली आणि केबलवाल्यांना निरोप धाडला : त्यांचा खेळ दाखवाल तर माझी पुढची रेसलमेनिया तुम्हाला मिळणार नाही. झालं, बहुतेकांनी मुकाट्यानं ह्याचाच माल उचलला. गुळाच्या पेठेत एखाद्या मोठ्या अडत्यानं ‘त्याच्याकडं माल घातलास तर माझ्या दारात येऊ नकोस’ म्हणावं, तसं. पुढच्याच वर्षी त्या दुसऱ्या कंपनीवर टेड टर्नरला विकून जायची वेळ आली.

आमच्याकडं हे सगळं आलं नव्वदीनंतर. स्टँडजवळच्या एका पोरानं डिश बसवली आणि विजेच्या खांबांवरून, आंब्याच्या फांद्यांवरून काळी वायर घरोघर ओढली. महिन्याला शंभर रुपये, ते पण चार महिन्यांनी दिले तरी चालायचे. १९९५ च्या मे महिन्यात मॅकमहॉननं ‘इन युवर हाऊस’ नावाचा स्वस्तातला खेळ काढला, त्याचं तिकीट १४.९५ डॉलर होतं. त्या वेळच्या हिशेबानं साडेचारशे रुपयांच्या वर. तेसुद्धा एका रात्रीचे. आम्ही तसले खेळ नेहमीच्या भाड्यात बघितले, शिळे का होईना. शिळं आम्हाला कुठं कळत होतं? निकाल सांगणारं गावात कोणी नव्हतं, त्यामुळं महिन्यानं बघितली तरी ती आजचीच कुस्ती.

पोरांकडं पत्त्यांची पाकिटं आली. प्रत्येक पानावर एक मल्ल. उंची, वजन, छाती, किती लढती, किती जिंकल्या. माझा थोरला पाढे म्हणताना अडखळायचा, पण अंडरटेकरचं वजन झोपेत सांगायचा. अंडरटेकर म्हणजे मढ्याची व्यवस्था बघणारा माणूस. दिवे जायचे, घंटा वाजायची, आणि लांब काळा कोट घालून हा संथ चालत यायचा. पुढं त्याचा मॅनेजर पॉल बेअरर हातात कलश घेऊन. आमची आई पहिल्यांदा बघून म्हणाली, “आरं, अस्थी घिऊन कशाला हिंडतंय त्ये? नदीला सोड म्हणावं की.”

ह्या अंडरटेकरची पहिली रात्र २२ नोव्हेंबर १९९०, सर्व्हायव्हर सिरीजची. त्याच रात्रीची आणखी एक गंमत आहे. कंपनीनं कित्येक दिवस एक भलंमोठं अंडं गावोगाव फिरवलं होतं आणि त्यातून काय निघणार म्हणून लोकांना झुलवत ठेवलं होतं. त्या रात्री ते फुटलं आणि आतून टर्की कोंबड्याचं सोंग घातलेला माणूस निघून नाचायला लागला. लोकांनी हुर्यो उडवली. एका रात्रीत एक सोंग तीस वर्षं टिकणारं निघालं आणि दुसरं अंड्यातच नासलं. उबवणीचा भरवसा कोंबडीवाल्यालाही देता येत नाही.

१९९६ ला ‘खिलाडियों का खिलाडी’ सिनेमा आला. त्यात अक्षय कुमारनं अंडरटेकरला डोक्यावर उचललं, आणि आमच्या गावात दोन तट पडले. खरी गोष्ट अशी, की सिनेमातला तो मल्ल ब्रायन ली होता. १९९४ च्या समरस्लॅममध्ये मॅकमहॉननं खोटा अंडरटेकर उभा करून खऱ्याशी लढवला, तोच हा खोटा. म्हणजे सोंगाचं सोंग, आणि त्याचं पुन्हा सिनेमात सोंग. एवढं सांगितल्यावरही आमचा पुतण्या चार दिवस जेवताना माझ्याशी बोलला नाही.

आमच्या तालमीचे वस्ताद मात्र टीव्हीकडं पाठ करून बसायचे. “नूरा हाय सगळी,” म्हणायचे. नूरा कुस्ती म्हणजे आतून ठरवून केलेली. आमच्याकडं ह्यापेक्षा वाईट शिवी पैलवानाला नाही. मी त्यांना एकदा म्हणालो, “वस्ताद, आपल्या यात्रेत रात्री तमाशा आन् दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या. ह्या मॅकमहॉननं दोन्ही एकाच हौद्यात घातलंय.” ते हसले, पण मान काही हलवली नाही.

मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, की ठरवलेली आणि खोटी ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या मैदानात नूरा कुस्ती वाईट का? कारण लोकांनी खऱ्या कुस्तीचे पैसे दिलेले असतात आणि त्यांना सांगितलेलं नसतं. तमाशातला राजा काही खरा राजा नसतो, म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. मॅकमहॉनच्या कंपनीनं तर १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं लेखी सांगून टाकलं, की ही करमणूक आहे, खेळ नव्हे. सत्याचं प्रेम उफाळून आलं म्हणून नाही सांगितलं. खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाचे नियम लागतात, कर लागतो. तो चुकवायचा होता. पण कशानं का होईना, सांगितलं.

आणि ठरवलेल्या कुस्तीला एक गोष्ट खऱ्या कुस्तीपेक्षा जास्त लागते. शब्द. मी तुझ्या खांद्यावर मान देतो, तू ती मोडायची नाहीस. ९ नोव्हेंबर १९९७ ला मॉन्ट्रियलमध्ये हा शब्द मोडला. ब्रेट हार्ट कॅनडाचा, पट्टा त्याच्याकडं, आणि तो कंपनी सोडून टर्नरकडं चाललेला. आपल्या मुलखात, आपल्या माणसांपुढं पट्टा हरायचा नाही, असं त्याचं म्हणणं होतं. निकाल वेगळा ठरला होता. पण शॉन मायकल्सनं त्याला त्याच्याच पेचात धरलं आणि ब्रेटनं हार कबूल केली नसतानाच कडेला उभ्या मॅकमहॉननं घंटा वाजवायला लावली. पट्टा गेला. ब्रेट मॅकमहॉनच्या तोंडावर थुंकला. त्या सगळ्या ठरवलेल्या रात्रीत ती थुंकी तेवढी ठरलेली नव्हती. हे मी वस्तादांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मालकानं पैलवानाला फशिवलं व्हय? मग त्यो मालक नूरा.”

पुढच्या वर्षी, २८ जून १९९८ ला, पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरनं मिक फोलीला सोळा फूट उंच लोखंडी पिंजऱ्यावरून खाली टाकलं. समालोचकांच्या टेबलावर तो आदळला आणि टेबल मोडलं. तो उठून पुन्हा वर चढला. दुसऱ्यांदा पिंजऱ्याची जाळीच सुटली आणि तो आत कोसळला. दात तुटून नाकाशी आला. निकाल ठरलेला असेल, सोळा फूट मात्र सोळाच होते. आमच्या घरात त्या रात्री कोणी टाळी वाजवली नाही. बायको म्हणाली, “बंद करा ते, कुणाचं तरी पोरगं हाय.”

मग २३ मे १९९९. कॅन्सस सिटीतला ‘ओव्हर द एज’. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट. त्याला छताजवळून दोरानं खाली उतरवायचं होतं. येण्याचा थाट, दुसरं काही नाही. वरचा हूक सुटला आणि तो सत्तर-पंचाहत्तर फुटांवरून रिंगणात पडला. घरात पैसे भरून बसलेल्यांना पडताना दाखवलं नाही, त्या वेळी पडद्यावर दुसरं चित्र चालू होतं. थोड्या वेळानं समालोचक जिम रॉसनं तो गेल्याचं टीव्हीवर सांगितलं. मैदानात बसलेल्यांना सांगितलंच नाही. आणि खेळ पुढं चालू ठेवला. ज्या फळ्यांवर तो पडला, त्याच फळ्यांवर पुढच्या कुस्त्या.

आमच्याकडं गावच्या यात्रेत, दीड-दोनशे रुपयांच्या कुस्तीतसुद्धा, पैलवानाचा खांदा निखळला तर हलगी थांबते. हलगीवाल्याला कोणी सांगावं लागत नाही, त्याचा हात आपोआप थांबतो. ओवेनची बातमी आम्हाला पेपरातून कळली. त्यानंतर वर्षभर मी टीव्हीसमोर बसलो नाही. पोरं बघायची, मी बाहेर अंगणात.

परत बसलो, ते खोटं कशाला बोलू. २००२ ला टेन स्पोर्ट्स आलं आणि पुढं मोठे खेळ थेट दिसायला लागले. अमेरिकेत रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची पहाट. साडेपाच, कधी साडेसहा. शेतकऱ्याला ही वेळ सोयीची, तसंही उठायचंच असतं. अडचण भारनियमनाची. ऐन मोठ्या कुस्तीला वीज जायची आणि पोरं ट्रॅक्टरच्या बॅटरीकडं आशेनं बघायची. २००७ च्या जुलैत हिमाचलच्या दलीपसिंग राणानं, म्हणजे खलीनं, जगज्जेतेपदाचा पट्टा मिळवला, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. कुस्ती म्हणून खलीची चाल मला कधी पटली नाही. पण पेढा खाल्ला.

२०१४ च्या फेब्रुवारीत मॅकमहॉननं स्वतःच तिकीट मोडीत काढलं. महिन्याला ९.९९ डॉलर भरा आणि सगळं इंटरनेटवर बघा. त्याच एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सला, एकवीस रेसलमेनिया न हरलेला अंडरटेकर ब्रॉक लेसनरकडून हरला. आमचा थोरला तेव्हा पुण्यात नोकरीला होता, दोन लेकरांचा बाप. त्यानं फोन केला आणि काही बोललाच नाही.

अंडरटेकरचा निरोप झाला तो २२ नोव्हेंबर २०२० ला, पहिल्या रात्रीला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी. कोरोनाचं वर्ष. ऑर्लँडोच्या मैदानात एक माणूस नाही. खुर्च्यांच्या जागी पडदे आणि पडद्यांवर घरी बसलेल्या लोकांचे चेहरे. पॉल बेअरर जाऊन सात वर्षं झालेली, त्याची प्रकाशाची आकृती उभी केली होती, हातात तोच कलश. आमच्याकडं तेव्हा यात्रा बंद, तालमीला कुलूप. हौद्यातली माती वर्षभर कोणी उकरली नव्हती, दगडासारखी झाली होती. मी सोमवारी सकाळी डेरीला दूध घालून आलो आणि मोबाईल गोठ्याच्या खुंटीला अडकवून बघितलं. थोरल्याचा फोन आला, “आबा, बघितलं का?”

म्हटलं, “बघितलं. म्हशीनं पण बघितलं.”

तो हसला, मग म्हणाला, “तालमीची किल्ली कुणाकडं हाय आता? ह्या खेपेला आलो की माती उकरून तेल-ताक घालू या.”

किल्ली वस्तादांच्या सुनेकडं होती.