काटा कुणाच्या हाती?



बिनतारी विद्येवर बोलावयास कामगार संघटनेतला माणूस कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी या विषयाचा पंडित नव्हे. जे थोडेफार शिकलो ते जुनी पुस्तके चाळून आणि परवानाधारक मित्रांच्या खांद्यावरून डोकावून. परंतु आयुष्याची पुष्कळ वर्षे वजन, माप आणि मजुरी यांच्या हिशेबात गेल्यामुळे कोणतेही यंत्र पाहिले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : हे मोजते काय, आणि मोजणारा कोण?

या प्रश्नाचे मूळ आपल्याच मातीत आहे. 23 मे 1945 रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडी पद्धत मोडण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी गवतकापणीचा संप आला. मागणी होती 500 रत्तल गवतामागे अडीच रुपयांची. 500 रत्तल म्हणजे आजचे सुमारे 227 किलो. दर ठरविणे ही लढ्याची अर्धी बाजू. दुसरी अर्धी अशी की, कापलेले गवत किती भरले हे सांगणारा काटा मजुराच्या हातात नव्हता. दर जिंकला आणि काटा हरला, तर मजुराच्या पदरात काय पडते, हे मी येथे सांगावयास नको.

त्याच संपात 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मिळून पाच जण ठार झाले. गोदूताई येणार आहेत, सर्वांनी जमावे, अशी हूल उठवून लोकांना तेथे गोळा करण्यात आले होते. गोदावरीबाई तेथे नव्हत्याच. निरोप पायी चाले, तोंडातोंडी फिरे, आणि तो खरा की खोटा हे उलट विचारून पाहण्याचे साधन पाड्यावर कोणाजवळ नव्हते. बिनतारी असते तर गोळी थांबली असती, असे मी म्हणणार नाही. गोळी झाडणाऱ्याला निरोपाची अडचण नसते. पण खोट्या निरोपाची किंमत काय पडते, हे आपल्या तालुक्यांनी रक्त देऊन मोजलेले आहे.

आता तीन वर्षे मागे चला. दुसरे महायुद्ध सुरू होताच, 1939 मध्ये, हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने सरकारने रद्द केले होते. तरीही ऑगस्ट 1942 च्या आंदोलनात, 27 ऑगस्टला, मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी ही मंडळी पोलिसांना चुकवीत जागा बदलत. चिमूर-आष्टीच्या ज्या बातम्या वर्तमानपत्रांना छापता येत नव्हत्या, त्या तेथून लोकांपर्यंत जात. 12 नोव्हेंबरला धाड पडली आणि आवाज बंद झाला. उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली. केंद्राची लहरलांबी 42.34 मीटर. आजच्या भाषेत सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ. हा आकडा ध्यानात ठेवा. आज परवानाधारक हौशी लोक ज्या 7 ते 7.2 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, त्यात तो बरोबर बसतो.

आता या आकड्याचा तारेशी संबंध काय, ते पाहू. तारेची लांबी लहरीच्या लांबीशी जुळली तर एरियल ती लहर आकाशात सोडते. न जुळली तर लहर परत फिरते. डहाणूच्या समुद्रावर धक्क्याला लाट आपटून मागे येते, येणारी आणि जाणारी लाट भेटते, आणि काही जागी पाणी उसळते तर काही जागी निश्चल भासते, हे आपण पाहिले असेल. जर्मनीत कार्लस्रुऽ येथे हाइन्रिख हर्ट्झने 1888 च्या सुमारास विजेच्या लहरी जस्ताच्या पत्र्यावर आपटवून हीच उसळी आणि निश्चल जागा शोधल्या, आणि त्यांवरून लहरीची लांबी काढली. मोजणीचा इतिहास येथून सुरू होतो. त्याचे यंत्र म्हणजे तारेचे एक कडे आणि त्यात उडणारी बारीकशी ठिणगी. मोजणारा डोळा त्याचा स्वतःचा.

पुढे हिशेब वाढला. परत येणारी लहर किती, एवढेच विचारून भागेना. ती किती मागेपुढे होऊन आली, हेही हवे होते. पहिले उत्तर दोष आहे इतके सांगते, दुसरे उत्तर दोष कोणत्या बाजूला आहे ते सांगते. बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या फिलिप स्मिथने 1939 मध्ये ही किचकट आकडेमोड एका वर्तुळाकार नकाशावर मांडली. दोन्ही उत्तरे एकदम देणाऱ्या यंत्राला व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर म्हणतात. हॅवलेट-पॅकार्ड कंपनीने 1967 मध्ये अशा जातीचे यंत्र बाजारात आणले, आणि 1984 मध्ये त्याहून सुधारलेले. पण ती होती कारखान्यांच्या आणि संशोधनसंस्थांच्या ऐपतीची. हौशी माणूस एक साधा काटा पाहून अदमासाने तार कमीजास्त करी. खरे माप दुसऱ्याच्या तिजोरीत असे.

हे बदलले आपल्या डोळ्यांदेखत. जपानमधील एका हौशी अभियंत्याने खिशात मावणारे यंत्र बनविले आणि त्याचा आराखडा झाकून न ठेवता सर्वांपुढे उघडा केला. चीनमधील दुसऱ्याने तो सुधारला, आणि 2019 च्या सुमारास नॅनो-व्हीएनए या नावाने तो जगभर पसरला. आज तो काही हजार रुपयांत मिळतो. ज्ञान सामाईक ठेवले की किंमत कशी उतरते, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

तलासरीजवळच्या एका पाड्यावर परवानाधारक मित्राबरोबर आम्ही दोन ताडांच्या मध्ये तार बांधली. प्रत्येक बाजू 10.4 मीटर, मध्ये केबल. यंत्र जोडले तेव्हा पडद्यावरची रेषा 6.5 च्या आसपास खाली गेली. मी लगेच कातर काढली. तेथील महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, ''काका, आधी पासंग पाहिला का?'' मी पाहिला नव्हता. यंत्राजवळ तीन टोप्या येतात : एक उघडी, एक जोडलेली आणि एक 50 ओमची. त्या एकेक लावून यंत्राला ठाऊक असलेली उत्तरे दाखवायची, मगच अनोळखी तार जोडायची. तिने 50 ओमची टोपी लावली. गुणोत्तर 1 यायला हवे होते, आले 1.6. आधीच्या कोणी वेगळ्याच पट्ट्यासाठी केलेली जुळणी यंत्रात तशीच राहिली होती. तराजूची रिकामी पारडी समान आहेत का, हे न पाहताच मी माल तोलीत होतो, आणि तेही आयुष्यभर मालकांच्या काट्यावर भांडलेला माणूस!

पुन्हा जुळणी केली, तेव्हा खरा तळ 6.85 वर दिसला. म्हणजे तार थोडी लांब होती. हिशेब सोपा आहे : लांबी आणि वारंवारता यांचा गुणाकार जवळजवळ कायम राहतो. एकूण 20.8 मीटरची तार सुमारे 20.1 वर आणावयाची, म्हणजे दोन्हीकडून साधारण 34 सेंटिमीटर घ्यायचे. आम्ही कापले नाही, टोके मागे दुमडली, कारण कापलेली तार परत वाढत नाही. तळ 7.08 वर आला, म्हणजे 1942 च्या त्या आवाजाच्या जागेवर. पहिल्या खोट्या आकड्यावर विसंबलो असतो, तर दोन्हीकडून सुमारे अर्धाअर्धा मीटर तारेचा व्यर्थ नाश झाला असता.

यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते प्रक्षेपक नव्हे, आणि चालू प्रक्षेपकाला चुकून जोडले तर ते जळून जाते. वीज कडाडत असताना तारेला हात लावू नये. आणि बोलण्यासाठी सरकारी परीक्षा व परवाना लागतोच. माप हाती आल्याने परवाना हाती येत नाही.

हा खटाटोप कशासाठी? नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4 हून मोठा धक्का बसला. थंडीत लोक लेकराबाळांसह घराबाहेर झोपले. त्या रात्री लोकांना दोनच गोष्टी हव्या होत्या : खरी बातमी, आणि उलट विचारण्याची सोय. डिसेंबर 2004 मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या पथकासह पोर्ट ब्लेअरला हौसेखातर गेल्या होत्या. 26 तारखेला त्सुनामी आली आणि त्यांचे हौशी केंद्र निरोपांचे केंद्र झाले. ठेंगण्या ताडावरची ताणलेली तार लहरी वर फेकते, आणि त्या आकाशातील विद्युत्भारित थरावरून परत खाली येतात, म्हणून सह्याद्री आडवा आला तरी नाशिक आणि मुंबई या टप्प्यात राहतात. मनोरा नको, वीजवाहिनी नको. मोटारीची बॅटरी पुरते. शिवाय हौशी केंद्राला आपले संकेतनाम सांगावे लागते, आणि ऐकणारा त्याला प्रश्न विचारू शकतो. तलवाड्याच्या निरोपाला ना नाव होते ना उलट प्रश्न.

म्हणून माझी मागणी लहान आहे. डहाणू आणि तलासरीच्या प्रत्येक हायस्कुलात एक तार, एक हे यंत्र, आणि परीक्षेला बसणारी चार मुले असावीत. पैसे कमी पडले तर वर्गणी जमविण्याची आमची सवय जुनी आहे. आपणांपैकी ज्यांना बिनतारी येते त्यांनी शिकवावे, आणि ज्यांना येत नाही त्यांनी माझ्यासारखे मुलांच्या शेजारी बसावे. पासंग मुलेच पाहतील.